उघड्या राहिलेल्या दोन फायली

उजवं मनगट मोडलं तेव्हा साजगावच्या कारखान्यात मशीनवर मला चौदा वर्षं झाली होती. मोडलं ते मशीनवर नाही. कर्जतजवळच्या आमच्या गावात, लावणीच्या दिवसांत, रोपांच्या जुड्या घेऊन बांधावरून चालताना पाय सटकला आणि सगळा भार हातावर आला. डॉक्टरांनी आत पट्टी बसवली, हाड जुळलं. पण नंतर बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जड तुकडा उचलून मशीनच्या टेबलावर ठेवायची वेळ आली की मनगट थरथरायला लागायचं. एकदा तुकडा हातातून निसटता निसटता राहिला. सुपरवायझर मागेच उभे होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला वर पाठवलं.

वर म्हणजे प्रोग्रामची खोली. लोखंडी जिना चढून गेलं की एक छोटी खोली, तिला मोठी काच, आणि काचेतून खालची सगळी मशिनं दिसायची. ही मशिनं स्वतःच्या डोक्याने चालत नाहीत. कुठलं हत्यार घ्यायचं, कुठून कुठे न्यायचं, किती वेगाने कापायचं, हे सगळं एका फाईलमध्ये ओळींनी लिहिलेलं असतं. अक्षरं आणि आकडे, बाकी काही नाही. एका जॉबची, म्हणजे कापायच्या एका नगाची, एक फाईल. खालच्या मशीनने वरच्या फोल्डरमधून ती उचलायची आणि तसं कापायचं. चौदा वर्षं मी त्या फायली चालवल्या होत्या, लिहिली मात्र एकही नव्हती.

त्या खोलीत एक मॅडम होत्या. खोपोलीच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. कारखान्यातल्या जवळजवळ सगळ्या फायली त्यांच्या हातच्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला काहीच शिकवलं नाही, फक्त बघत राहिल्या. दुपारपर्यंत माऊस धरून माझं मनगट सुजायचं आणि मी हात मांडीवर घेऊन चोळत बसायचो. शुक्रवारी त्यांनी माझ्या टेबलावरून माऊसची वायरच काढली.

"आता?" मी विचारलं.

"आता माझ्यासारखं करा. हात इथून हलवायचा नाही."

त्यांच्या पडद्यावर ना चित्रं होती, ना मेनू. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. सगळं कीबोर्डवरून. एक की दाबली की लिहिता येतं, दुसरी दाबली की लिहिणं थांबतं आणि त्याच अक्षरांचे हुकूम होतात. मला पहिले पंधरा दिवस वेड लागायचं बाकी राहिलं. लिहायला जायचो आणि ओळी उडायच्या. उडालेल्या ओळी परत आणायचं अक्षर मात्र मी सगळ्यांत आधी पाठ केलं. 'यू' दाबलं की शेवटचं केलेलं पुसलं जायचं. पुन्हा दाबलं की त्याच्या आधीचं.

हात बसला तेव्हा खरा धडा सुरू झाला, तो अनेक फायलींचा. आमच्याकडे एकाच जातीचे पाच-सहा जॉब असतात. थोडा भोकांचा फरक, थोडा उंचीचा. एकीत बदल केला की बाकीच्यांतही करावा लागतो. मॅडम एका वेळी दहा-बारा फायली उघडायच्या, पण पडद्यावर दिसायची एकच. हव्या त्या फाईलवर त्या आकडा मारून उडी घ्यायच्या. दोन फायलींत ये-जा करायची असली तर दोन कीजमध्ये इकडून तिकडे. कधी पडदा मधोमध चिरून दोन फायली शेजारी शेजारी लावायच्या आणि ओळीला ओळ लावून बघायच्या. त्या इतक्या झपाझप करायच्या की मला वाटायचं, सगळ्या फायली यांना एकदमच दिसत असतील.

"दिसत नाहीत हो," त्या म्हणाल्या. "म्हणून तर यादी बघायची." त्यांनी दोन अक्षरं मारली आणि खाली उघड्या फायलींची यादी आली. प्रत्येकीला आकडा, आणि बदल करून सेव्ह न केलेल्यांपुढे अधिकाचं चिन्ह. "पडद्यावर नाही म्हणजे बंद झाली असं नसतं. नजरेआड झाली एवढंच. तुम्ही घरी जाल, ती इथे उघडीच राहील."

मी मान डोलावली. मला ते कळलं असं मला वाटलं.

माझं खालचं मशीन ज्याला मिळालं, तो माझा सोबती. नऊ वर्षं आम्ही शेजारशेजारच्या मशीनवर होतो. तो माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, खालापूरच्या अंगाला डोंगराखालच्या ठाकरवाडीतला. बायकोशी फोनवर बोलायचा ते त्यांच्या बोलीत, मला त्यातलं निम्मं कळायचं. आमच्याशी आमच्यासारखं बोलायचा. बरीच वर्षं कंत्राटावर काढून तो कायम झाला होता आणि कायम झाल्यापासून एक दिवस उशिरा आला नव्हता. जेवायला आम्ही एकत्र बसायचो. माझ्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट, त्याच्या डब्यात पावसाळ्यात करटुली, भारंगी, डोंगरावरून आणलेलं काही ना काही. मी वर गेल्यावरही जेवायला खालीच उतरायचो.

"वर काय करता तुमी, दादा?" तो विचारायचा.

"टायपिंग."

"म्हंजे आमी कापतो ते तुमी लिवता."

"तसंच काहीतरी."

हे सांगतोय ती गोष्ट घडली मी वर जाऊन आठ महिने झाल्यावर. तोपर्यंत मला तो काळा पडदा आवडायला लागला होता. खरं सांगायचं तर थोडा माजच आला होता. बीडाच्या सहा फ्लँजची, म्हणजे पाइप जोडायच्या भोकांच्या चकत्यांची, एक मालिका होती. पहिल्या नगांना आम्ही कापण्याचा वेग मुद्दाम कमी ठेवला होता, नव्वद. नग चांगले निघाले, तेव्हा सुपरवायझरनी वेग वाढवून एकशे साठ करायला सांगितलं. मॅडमनी मला एक हुकूम शिकवला होता, उघड्या असलेल्या सगळ्या फायलींत एकदम बदल करायचा. सहा फायली एकेक करून उघडून, शोधून, बदलून घेण्यापेक्षा एकच ओळ मारायची. त्या दिवशी मॅडम लवकर गेल्या होत्या. मी सहा फायली उघडल्या, ती ओळ मारली, आकडे सरसरा बदलले, खाली काहीतरी संदेश आला तो मी वाचला नाही, आणि सगळ्या फायली सेव्ह करायचा हुकूम दिला. पाच मिनिटांत काम संपलं. काँप्युटर चालूच ठेवायची आमची पद्धत होती. मी पडद्याचं बटण बंद केलं आणि बाईक काढून पळसदरीच्या रस्त्याने घरी आलो. बायकोला म्हटलंसुद्धा, आज तासाभराचं काम पाच मिनिटांत केलं.

यादी मी बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊच्या सुमाराला खालून आवाज आला. मशीनवर काम केलेल्या माणसाला तो आवाज सांगावा लागत नाही. मी काचेकडे धावलो. सोबत्याचं मशीन थांबलं होतं, लाल दिवा लागला होता आणि तो दोन पावलं मागे सरून उभा होता, उजवा हात अजून हवेत. त्यानेच लाल बटण दाबलं होतं. कटर फुटला होता. त्याचा एक तुकडा आतल्या काचेवर बसून काचेला तडा गेला होता. काच नसती तर तो तुकडा त्याच्या तोंडावरच गेला असता. टेबलावरचा स्टेनलेस स्टीलचा जॉब, जवळजवळ पूर्ण झालेला, बाद झाला होता.

मी जिना उतरून खाली गेलो. सुपरवायझर आधीच पोचले होते.

"नॉब किती वर होता?"

मशीनला वेग कमीजास्त करायचा एक नॉब असतो, शंभरवर ठेवला की फाईलमधलाच वेग. घाईत असला की एखादा ऑपरेटर तो वर फिरवतो, हे सगळ्यांना माहीत असतं.

"नॉब शंभरलाच व्हता, साहेब. आवाज बदलला म्हनून मीच खाली आनला."

"आता तर शून्यावर आहे. मग मला काय कळणार?"

"मी नॉब वर केला नाय."

"दोन वर्षं हाच प्रोग्राम चालतोय. आजच काय झालं त्याला?"

मी त्याच्या बाजूने बोललो. म्हणालो, "साहेब, हा असं करणारा नाही." माझा तेव्हा खरंच तसा विश्वास होता, आणि ते वाक्य बोलताना मला स्वतःबद्दल बरंही वाटलं. आज ते आठवलं की लाज वाटते.

सुपरवायझरनी मला वर जाऊन बिघाडाचा अहवाल लिहायला सांगितलं. त्याचा ठरलेला नमुना आहे, साध्या फाईलमधला. कुठलं मशीन, कुठला जॉब, काय तुटलं, कारण. खाली त्या जॉबचा प्रोग्राम जोडायचा. "कारणापुढे ऑपरेटरची चूक लिही," ते म्हणाले. "सही घ्यायला त्याला वर पाठवतो."

मी वर आलो. अहवालाची फाईल उघडली. पडदा मधोमध चिरला आणि उजवीकडे त्या स्टेनलेसच्या जॉबची फाईल लावायला म्हणून तिचं नाव मारलं. ती उघडावी लागलीच नाही. उघडीच होती. खाली उतरत गेलो आणि कापण्याच्या ओळीवर थांबलो. एकशे साठ.

स्टेनलेसला एकशे साठ म्हणजे कटर फुटणारच, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. वर येण्याआधी मीच तो जॉब कापत होतो. मी यादी काढली. अहवाल सोडून आठ फायली. सहा फ्लँजच्या, आणि दोन स्टेनलेसच्या, ज्या मी आदल्या दिवशी दुपारी एका खाचेच्या ओळी बघायला म्हणून उघडल्या होत्या आणि विसरलो होतो. त्यांचाही वेग नव्वदच होता, आणि माझा हुकूम त्या दोन्हींतून फिरून आला होता.

मी काचेतून खाली बघितलं. सोबती गुडघ्यांवर बसून मशीनच्या आतून कटरचे तुकडे वेचत होता. एकेक तुकडा फडक्यावर ठेवत होता, मोजून, क्रमाने, कारण सुपरवायझरनी दाखवायला सांगितले होते.

मग मी जे केलं ते सांगतो. मी 'यू' दाबलं. फाईल कालपासून बंद झालीच नव्हती, त्यामुळे तिला कालचं सगळं आठवत होतं. एकशे साठाचे नव्वद झाले. नावापुढे अधिकाचं चिन्ह आलं. आता फक्त सेव्ह करायचं होतं. तेवढं केलं असतं तर फोल्डरमधल्या फाईलमध्ये नव्वद दिसलं असतं. खालच्या मशीनच्या मेमरीत होतं ते लाल दिवा घालवायला मशीन रीसेट करताना तसंही गेलं होतं. कोणालाही, कधीही कळलं नसतं. डावीकडे अहवाल होता, त्यातल्या 'कारण' या शब्दापुढे सुपरवायझरनी सांगितल्याप्रमाणे मी 'ऑपरेटरची चूक' लिहिलं. तेही सेव्ह केलं नाही. दोन्ही फायली तशाच ठेवून मी बसलो.

दहा वाजले, अकरा वाजले. सुपरवायझरचा फोन आला, अहवाल झाला का. मी म्हटलं, प्रोग्राम तपासतोय. बारा वाजता जेवणाची घंटा झाली. मी खाली गेलो नाही. मनात काय चाललं होतं ते आठवायचा प्रयत्न केला तर आठवतात ते फक्त हिशेबी विचार. माझं मनगट असं, खाली परत जाता येणार नाही, वरचीही जागा गेली तर काय. आणि त्याच्यावर तर एक मेमो येईल एवढंच, त्याचं नाव स्वच्छ आहे, निभावेल. असं मी स्वतःला सांगत होतो. त्याच्या नावाला ती पहिलीच काळी रेघ असेल, हे मला माहीत होतं.

दीडच्या सुमाराला मॅडम आल्या. सकाळी त्यांची डॉक्टरांकडे वेळ होती. खाली त्यांना कळलंच होतं. पर्स ठेवता ठेवता त्या माझ्या मागे आल्या आणि पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. यादी मी मघाशी पुन्हा काढली होती, ती खाली तशीच होती. अहवाल सोडून आठ नावं, आणि त्यांतल्या एका नावापुढे अधिकाचं चिन्ह. त्यांना ते वाचायला किती वेळ लागणार?

"ह्या दोन कालपासून उघड्या आहेत?"

"हो."

मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी टेबलावरची पाण्याची बाटली उचलली.

"अहवाल तुम्हीच लिहिताय ना?"

"हो."

"मग लिहा," असं म्हणून त्या पाणी भरायला निघून गेल्या.

त्या आल्या नसत्या तर मी स्वतःहून सांगितलं असतं का? या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही. सांगितलं असतं असं म्हणायला आवडेल, पण दुपारपर्यंत तरी मी सांगितलं नव्हतं.

मी बदल परत फिरवला. नव्वदाचे पुन्हा एकशे साठ झाले, होतं तसं. डावीकडच्या ओळीतलं 'ऑपरेटरची चूक' पुसलं आणि लिहिलं की, आदल्या दिवशी वेग बदलताना या प्रोग्राममध्ये चुकून बदल झाला, तो मी केला. दोन्ही सेव्ह केलं, छापलं, मग स्टेनलेसच्या दोन्ही फायलींत वेग पुन्हा नव्वद करून ठेवला, आणि कागद घेऊन खाली गेलो.

सोबती मशीनपाशीच होता. सुपरवायझरही तिथेच. मी कागद सुपरवायझरच्या हातात न देता तोंडानेच सांगितलं, म्हणजे दोघांनाही एकदम कळावं.

सुपरवायझर पहिल्यांदा समजलेच नाहीत. मग समजले. "चौदा वर्षं मशीनवर होतास तू," ते म्हणाले. "स्टेनलेसला एकशे साठ?" त्यापुढे ते बरंच बोलले, आणि आजूबाजूची मशिनं चालवणारी माणसं मान खाली घालून ऐकत होती. ते सगळं खरंच होतं. ते कागद घेऊन ऑफिसकडे गेले.

मी सोबत्याकडे वळलो. "चुकलं माझं," म्हटलं.

तो फडक्याने हात पुसत होता. "कवा कळलं तुमाला?"

खोटं बोलता आलं असतं. "सकाळीच. साडेनऊला."

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "सांगितलं ते बरं केलं, दादा. पन सकाळपास्नं चार तास मी चोर व्हतो. आनि तुमी वरनं बघत व्हता."

तो मशीनचं दार उघडून आत वाकला आणि कामाला लागला.

मेमो मला मिळाला. वरची जागा गेली नाही, मॅडमनी ऑफिसात जाऊन काय सांगितलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पण जेवायला मी खाली गेलो की सोबती दुसऱ्या बाकावर बसलेला असायचा. भांडण नव्हतं. काही विचारलं तर "हाय", "नाय" म्हणायचा. मी एकदा त्याच्या बाकावर जाऊन बसलो, तर तो सरकून जागा देऊन गप्प जेवला. पावसाळा आला, त्याच्या डब्यात करटुली आली असतील, मला माहीत नाही. घरी बायको म्हणायची, "होईल हो नीट." मी हो म्हणायचो. आपण एखाद्याचं नुकसान करतो ते एक, आणि त्याला एकट्याला उभं करून आपण बघत बसतो ते वेगळं, एवढं मला त्या महिन्यांत कळलं. पहिलं मशीनवरही होतं आणि माफ होतं. दुसऱ्याला वेळ लागतो.

दोन-अडीच महिन्यांनी तो एकदा जिना चढून वर आला. त्याआधी तो या खोलीत कधी आला नव्हता. दारात उभा राहून मॅडमना म्हणाला, "तुमी वर प्रोग्राम बदलता, आमाला खाली कळत नाय. आमी जुनाच समजून बटन दाबतो. मला कळाया पायजे."

मॅडम खुर्चीतून उठल्या. "बरोबर आहे तुमचं. काय केलं म्हणजे कळेल?"

त्याने त्याचा विचार करून ठेवला होता. प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर कंसात एक ओळ लिहायची. काय बदललं, कधी, कोणी, आणि शेवटी ओळ लिहिणाऱ्याचं नाव. मशीन कंसातलं कापत नाही, नुसतं पडद्यावर दाखवतं. ऑपरेटरने ती ओळ वाचल्याशिवाय बटण दाबायचं नाही. इतकी साधी गोष्ट, आणि आम्ही वर बसणाऱ्यांना सुचली नव्हती. सुपरवायझरनी ती सगळ्या मशिनांना लागू केली.

जुन्या फायली पुष्कळ होत्या. त्यांच्या डोक्यावर ओळी घालायचं काम मॅडमनी आम्हा दोघांना दिलं. शनिवारी दुपारी एक तास तो वर यायचा. मी फायली उघडायचो, तो शेजारी खुर्ची घेऊन बसायचा आणि कुठला जॉब कधी बदलला होता ते सांगायचा. त्याच्या डोक्यात सगळं होतं. तिसऱ्या शनिवारी त्याने कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

"मी लिवतो."

दोन बोटांनी, अक्षर शोधत शोधत त्याने एक ओळ लिहिली. मग दुसरी फाईल उघडली आणि एकदम थांबला. "पयली कुठं गेली?"

"हाय तिथंच. यादी काढ."

त्याने काढली, बोट लावून सगळी नावं वाचली, अगदी सावकाश, एकेक. मी घाई केली नाही. वाचून झाल्यावर म्हणाला, "पाच हायेत. पाचही आपल्याच." मग शेवटच्या फाईलवर जाऊन कंस उघडला आणि माझ्याकडे बघितलं.

"नाव कुनाचं घालू, दादा?"

"तू लिहितोयस ना? तुझं घाल."

त्याने स्वतःचं नाव घातलं, एक अक्षर चुकलं ते पुसून पुन्हा घातलं. सेव्ह केलं. तास संपायला वेळ होता, पण खाली त्याच्या मशीनवर जॉब लागायचा होता. जिन्यावरून उतरताना त्याची पावलं वाजली. मी काचेपाशी गेलो. खाली त्याने नवा तुकडा टेबलावर ठेवून आवळला, दार लावलं आणि पडद्यासमोर उभा राहून, बटणाला हात न लावता, वाचत राहिला.